ज्युलियानला वाट माहीत होती

माझं माहेर नदीकाठचं. सगळं लहानपण त्या घाटावर गेलं. धुणी बडवली, दोघी दोघी मिळून गोधड्या पिळल्या. तरी मला पोहता येत नाही. भावांना आजोबांनी पाठीला सुका भोपळा बांधून डोहात सोडलं. आम्हा मुलींना मात्र एकच ताकीद होती, पाणी घोट्याच्या वर येऊ द्यायचं नाही.

परवा लेकीच्या जंगल शिबिराचा विषय निघाला. "मुलीच्या जातीला कशाला हवंय ते?" असं घरातलंच कुणीतरी म्हणालं आणि मला ज्युलियान कोपके आठवली.

२४ डिसेंबर १९७१. पेरूची राजधानी लिमा इथून पुकाल्पाला निघालेल्या विमानावर वीज पडली आणि ते हवेतच मोडलं. आत ९२ माणसं होती. शेवटी वाचली ती एकटी ज्युलियान, वय १७. खुर्चीला पट्ट्याने बांधलेली ती जवळजवळ तीन किलोमीटर खाली, ॲमेझॉनच्या जंगलात पडली. गळ्याजवळचं हाड मोडलेलं, दंडावर जखम, चष्मा गेलेला, पायात एकच सँडल. शेजारी बसलेली आई कुठेच नव्हती.

ही गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, देव तारी त्याला कोण मारी. पडून जिवंत राहिली, ते दैव म्हणा, माझी हरकत नाही. पण पुढचे अकरा दिवस? तिचे आईवडील प्राणिशास्त्रज्ञ. पांग्वाना नावाचं संशोधन केंद्र त्यांनी जंगलातच उभारलं होतं आणि ती दीडेक वर्ष तिथे राहिली होती. वाट चुकलीस तर ओढा शोध, ओढा नदीला मिळतो आणि नदीकाठी माणसं असतात, हे वडिलांनी शिकवलेलं. म्हणून ती पाण्याच्या कडेने निघाली. साप असेल म्हणून सँडलवाला पाय आधी टाकायचा. उथळ पाण्यात काटेरी शेपटीचे मासे असतात म्हणून काठीने चाचपायचं. खायला गोड गोळ्यांची एक पुडी, तीही संपली.

वाटेत खुर्च्यांसकट जमिनीत रुतलेली तीन प्रेतं दिसली. त्यात एक बाई होती. ज्युलियानने काठीने तिच्या पायाची बोटं बघितली. नखांना रंग होता. आई कधी नखं रंगवत नसे. ही आई नव्हे, एवढं कळलं आणि ती पुढे चालू लागली. इथे मी दर वेळी थांबते. सतरा वर्षांच्या पोरीने हे कसं केलं असेल!

आई पक्ष्यांची अभ्यासक. होआत्झिन पक्षी मोकळ्या पाण्याजवळ राहतो, हे लेकीला ठाऊक होतं. त्याचा आवाज आला तशी ती मोठ्या नदीच्या रोखाने वळली. दहाव्या दिवशी होडी आणि झोपडी सापडली. दंडाच्या जखमेत अळ्या झाल्या होत्या. घरच्या कुत्र्याला असंच झालं तेव्हा वडिलांनी काय केलं, ते आठवून तिने होडीजवळच्या पिंपातलं इंधन जखमेवर ओतलं आणि अळ्या एकेक करून उपसल्या. होडी मात्र घेतली नाही, दुसऱ्याची होती म्हणून. दुसऱ्या दिवशी लाकूडतोडे आले.

तिची आईसुद्धा पडल्यावर काही दिवस जिवंत असावी, असं नंतर दिसून आलं. तिला जंगल लेकीपेक्षा जास्त कळत होतं, पण तिचं शरीर चालण्याजोगं उरलं नसावं. म्हणजे माहिती असली की माणूस वाचतोच, असं मी म्हणत नाही. पण ज्युलियानकडे ती नसती तर नुसत्या जिद्दीने ती कुठल्या दिशेला गेली असती? संकटातून उठलेल्या बाईला आपण लगेच रणरागिणी म्हणतो, हार घालतो. तिला आधी कुणी काय शिकवलं होतं, हे विचारत नाही. आणि आपल्या पोरींना घोट्याच्या वर पाणी येऊ देत नाही. मला याचा खरंच राग येतो.

ज्युलियान पुढे वटवाघळांची अभ्यासक झाली. त्याच जंगलात परत गेली आणि पांग्वानाची जबाबदारी घेतली.

लेकीचा शिबिराचा फॉर्म आज सकाळी भरून दिला. तलावावर बायकांची बॅच दुपारची असते. तिथे माझंही नाव घातलंय.