गाडी थंड असताना बघा

आज दुपारी ऑफिसात एका सहकाऱ्याने सगळ्यांना फोनवर गाडीचा फोटो दाखवला. जुनी मोठी लक्झरी एसयूव्ही. काळी कुळकुळीत, पॉलिश केलेली, आत क्रीम रंगाचं लेदर. पाच मिनिटांत सगळे त्याच्याभोवती. "काय रुबाब आहे!" "एवढ्या पैशात नवी छोटी गाडीसुद्धा येत नाही!" "विचार कसला करतोस, घेऊन टाक!" मी एवढंच विचारलं की गाडी कोणाकडून तपासून घेतलीस का. तर म्हणे विकणारा बोलला, तपासायचं काय त्यात, समोर उभी आहे, चालवून बघा. आणि सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मी त्याच्या आनंदात मिठाचा खडा टाकला.

टाकला. परत वेळ आली तर परत टाकीन. "घेऊन टाक" म्हणणाऱ्यांपैकी एकही जण गॅरेजचं बिल भरायला येणार नाहीये.

साठवलेला पैसा डोळ्यांदेखत मातीत जाताना बघणं काय असतं, हे तुम्हाला मी समजावून सांगायला नको. आमच्या घरात ते झालंय. दादाला कॉलेजपासून अशा गाडीचं वेड. नवी घेणं शक्यच नव्हतं. किंमत उतरत उतरत आवाक्यात आली तेव्हा त्याने जुनी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, मुद्दा कंपनीचा नाहीच. विकणाऱ्याने भर दुपारी बोलावलं होतं. गाडी धुऊन-पुसून, इंजिन सुरू ठेवून, एसी लावून तयार. दादा एक चक्कर मारून आला तो खूश होऊनच. घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाली गेलो तर पुढचा डावा कोपरा पार चाकावर बसलेला.

एअर सस्पेन्शन. या गाड्यांपैकी बऱ्याच जणींमध्ये स्प्रिंगच्या जागी हवा भरलेले रबरी बेलो, म्हणजे घडीदार फुगे, असतात. रबर जुनं झालं की घडीवर बारीक चिरा पडतात आणि हवा हळूहळू निघून जाते. इंजिन चालू असलं की कॉम्प्रेसर ती हवा परत भरत राहतो, म्हणून दिवसा गाडी ताठ उभी दिसते. रात्रभर उभी राहिली की खरं रूप बाहेर येतं. आणि गळती भरून काढायला सारखा चालून चालून कॉम्प्रेसरही जळतो. मग लोक नुसता कॉम्प्रेसर बदलतात, गळती तशीच राहते, आणि नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जातो. दादाच्या बाबतीत अगदी हेच झालं.

म्हणून माझं पहिलं आणि शेवटचं म्हणणं हेच आहे. गाडी रात्रभर उभी राहिलेली असताना, सकाळी, त्या दिवशी एकदाही सुरू न झालेली असताना बघा. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट जरी लागलं तरी हसून निरोप घ्या आणि दुसऱ्या दिवशीची वेळ मागा. "तुमच्यासाठी गरम करून ठेवली" हे वाक्य मी दादाच्या वेळी ऐकलंय, आज त्या सहकाऱ्याच्या तोंडूनही ऐकलं. विकणारा सकाळी थंड गाडी दाखवायला तयार नसेल तर ती गाडी घ्यायची नाही. यावर मी कोणाशीही वाद घालणार नाही.

थंड इंजिन सुरू होताना कान लावून ऐका. एक-दोन सेकंदांचा खडखडाट तेल वर चढेपर्यंत होऊ शकतो, पण तो थांबलाच नाही तर टायमिंग चेन (इंजिनचे भाग एकमेकांच्या तालात फिरवणारी साखळी), तिला ताणून धरणारे टेन्शनर, गाइड यांचा विचार करा. कोणाला तरी मागे सायलेन्सरपाशी उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरी वाफ थंडीत थोडा वेळ येते, पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर आणि गोडसर वास येत राहिला तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत जातंय. मग गाडी पूर्ण गरम होईपर्यंत चालवा, काही मिनिटं नुसती उभी चालू ठेवा, आणि मग जोरात अ‍ॅक्सिलरेटर द्या. बीएमडब्ल्यू एक्स5 मध्ये आलेल्या एन62 या व्ही8 (आठ सिलिंडरच्या) इंजिनाच्या खराब व्हॉल्व्ह सील, म्हणजे ऑइल सिलिंडरमध्ये उतरू न देणाऱ्या रबरी कड्या, अशाच पकडल्या जातात. नुसती उभी असताना ऑइल खाली उतरतं आणि पाय दाबला की मागे निळा ढग. पाच मिनिटांच्या चकरीत हे कधीच दिसणार नाही.

सस्पेन्शन सगळ्यात वर करा, सगळ्यात खाली करा, परत वर करा. चारही कोपरे सारखे चढतायत का, कॉम्प्रेसर कुथतोय का, किती वेळ लावतोय, तेही बघा. "सेन्सर खराब आहे, छोटंसं काम आहे" असं कोणी म्हणालं तर त्यालाच म्हणा, छोटंसं आहे ना, मग करून दे आणि मग बोलू.

आता परत दादाच्या गाडीवर येते, कारण सस्पेन्शन ही तर सुरुवात होती. काही आठवड्यांनी गाडी मध्येच काहीही दाखवायला लागली. पार्किंग ब्रेकचा दिवा, मग गिअरबॉक्सचा, मग खिडक्याच बंद. एक जुना, कमी बोलणारा मेकॅनिक होता. त्याने स्कॅनर लावायच्या आधी पुढच्या सीटखालचं कार्पेट उचललं आणि खालच्या जाड फोमवर अंगठा दाबला. अंगठ्याच्या कडेने पाणी वर आलं. फोम कापून बाजूला केला तर खाली एक कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीचे भाग चालवणारा छोटा कॉम्प्युटर, त्याच्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज चढलेला. वर लेदर कोरडं, अत्तर मारल्यासारखा वास, आणि खाली हे. पाणी येत होतं सनरूफमधून. सनरूफच्या चौकटीत पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात, त्या खांबांतून खाली उतरतात. कचऱ्याने बुजल्या की पाणी आत उतरतं. अशा बऱ्याच गाड्यांमध्ये मॉड्यूल, अ‍ॅम्प्लिफायर, अगदी बॅटरीसुद्धा सीटखाली नाहीतर डिकीच्या तळाशी असते. म्हणजे नळी साफ करायचं साधं काम कोणी केलं नाही म्हणून पूर्ण गाडीची वायरिंग खोलायची पाळी.

त्या दिवशी दादा एक शब्द बोलला नाही. मला त्याचा इतका राग आला नाही जितका त्या माणसाचा आला ज्याने तो सुगंधी स्प्रे मारला होता. त्याला माहीत होतं. ज्याला कार्पेट ओलं असल्याचं माहीत नाही तो कशाला एवढा स्प्रे मारेल?

तर कार्पेटखाली हात घाला. लाजू नका. चारही दारांपाशी, डिकीत, स्पेअर चाकाच्या खड्ड्यात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. गाडी पुरात बुडालेली असेल तर आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ राहते, तिथपर्यंत धुणाऱ्याचा हात पोचत नाही.

स्कॅन करा, पण पूर्ण. बाजारात मिळणारा साधा स्कॅनर प्रामुख्याने इंजिनचे कोड वाचतो. सस्पेन्शन, गिअरबॉक्स, एअरबॅग, एबीएस, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) हे सगळं वाचणारं त्या कंपनीसाठीचं मशीन लागतं. आणि एरर एकही नाही म्हणून हुरळून जाऊ नका. कोड आदल्या दिवशी पुसलेले असू शकतात. पुसले की इंजिनच्या स्वतःच्या तपासण्या "अपूर्ण" दाखवतात, आणि गाडी काही काळ वेगवेगळ्या वेगात चालल्यावरच त्या पूर्ण होतात. सगळ्या अपूर्ण असतील तर का पुसले ते विचारा. काही गाड्यांमध्ये किलोमीटरची नोंद मीटरशिवाय दुसऱ्या मॉड्यूलमध्ये किंवा किल्लीतही असते, ती जुळवून बघता येते. हो, बॅटरी कमजोर असली की या गाड्या खोटे एररही दाखवतात, हे खरंय. मग नवी बॅटरी बसवून परत स्कॅन करा.

टायर बघताना नुसती नक्षी बघू नका. चारही एकाच कंपनीचे, गाडीच्या कंपनीने ठरवलेल्या मापाचे, सारखे झिजलेले हवेत. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत एका टायरचा घेर वेगळा असला की ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) सतत झगडत राहतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. एवढ्या महागड्या गाडीला ज्याने चार वेगवेगळे टायर लावले, त्याने आत ऑइल कोणतं घातलं असेल याचा अंदाज करा. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवा, गाडी अडखळत, धक्के देत फिरतेय का बघा. लो रेंज (चढ-चिखलासाठीचे जास्त ताकदीचे गिअर) असेल तर ती टाकून बघा. पहिल्या पिढीच्या पोर्शे कायेन आणि फोक्सवॅगन तुआरेगमध्ये प्रोपेलर शाफ्टचं (गाडीखालून मागे ताकद नेणाऱ्या दांड्याचं) मधलं बेअरिंग जातं, तेव्हा पायाखालून ठोके ऐकू येतात.

गिअरबॉक्सचं ऑइल "आयुष्यभरासाठी" असतं असं विकणारे सांगतात. झेडएफ, जी यातल्या कित्येक गाड्यांचे गिअरबॉक्स बनवते, ती स्वतःच साधारण 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरला ऑइल बदलायला सांगते. बदलल्याचं बिल मागा.

बिलांची फाइल हा तर माझा दुखरा विषय. दादाच्या गाडीची फाइल जाडजूड होती, सुंदर प्लास्टिकच्या कव्हरात. घरी येऊन नीट पानं उलटली तेव्हा कळलं, सगळी बिलं पहिल्या काही वर्षांची. नंतर मालक बदलले तशी फाइल थांबली. पहिल्या मालकाने गाडी नवी असताना काय केलं त्याच्याशी मला काय करायचंय? मला शेवटच्या तीन वर्षांत काय झालं ते हवंय.

आणि बोनेटवरचा लोगो बघून अभ्यास करू नका, इंजिन बघून करा. एकाच गाडीत एक इंजिन दगडासारखं आणि दुसरं दिवाळं काढणारं असू शकतं. सुरुवातीच्या कायेनच्या 4.5 लिटर व्ही8 मध्ये कूलंटचे पाइप प्लास्टिकचे, इनटेकच्या खाली दडलेले. ते फुटतात, नंतर अ‍ॅल्युमिनियमचे आले, बसवलेत का विचारा. मर्सिडीजच्या सुरुवातीच्या एम272 व्ही6 मध्ये बॅलन्स शाफ्टचा (इंजिनची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचा) गिअर झिजतो आणि त्यासाठी इंजिन उतरवावं लागतं. त्यांच्याच ओएम642 डिझेलमध्ये ऑइल कूलरची सील गळते. ती सील मुठीत मावेल एवढी, पण ती इंजिनच्या व्हीच्या खोबणीत, वरचं सगळं काढल्याशिवाय दिसतसुद्धा नाही. लँड रोव्हर डिस्कव्हरी 3 च्या 2.7 डिझेलचे क्रँकशाफ्ट (इंजिनचा मुख्य दांडा) तुटल्याच्या कहाण्या जगभर आहेत, आणि त्यात पुढच्या टायमिंग बेल्टबरोबर (चेनचंच काम करणारा पट्टा) मागे डिझेल पंपाचा वेगळा बेल्ट आहे, तो विसरला जातो. लेक्सस आणि लँड क्रूझरवाले आता म्हणतील आमचं असं नसतं. बरं, मान्य, तुमच्या गाड्या जास्त टिकतात. पण त्या जुन्या 4.7 लिटर व्ही8 लाही टायमिंग बेल्टच आहे, तो कधी बदलला विचारा.

एवढं लिहून झाल्यावर थोडी शांत झालेय, तर हेही लिहिते. त्या गाडीत बसलं की वेगळंच वाटतं, हे मी नाकारत नाही. आई पाठदुखीने बेजार असते, ती त्या मागच्या सीटवर लांबच्या प्रवासात गाढ झोपली होती. दादा संध्याकाळी नुसता जाऊन त्यात बसायचा, इंजिन सुरूही न करता. अशी गाडी घेणं हा गुन्हा नाही, आणि चांगल्या सांभाळलेल्या गाड्या असतात, प्रामाणिक विकणारेही असतात. पण गाडी जुनी झाली म्हणून तिचे पार्ट जुन्या भावात मिळत नाहीत. दोन टनांच्या वरचं वजन आहे, ब्रेक, बुश, आर्म, सगळं त्या वजनाला साजेसं मोठं आणि महाग. खरेदीच्या दिवशीच पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीचे पैसे वेगळे काढलेले नसतील, तर बघायलासुद्धा जाऊ नका. दादाने शेवटी ती गाडी विकली तेव्हा घेणाऱ्याला एकूण एक दोष कागदावर लिहून दिला. त्यामुळे भाव पडला. तरी दिला. मला त्याचा अभिमान आहे, आणि म्हणूनच त्याला ज्याने फसवलं त्याचा राग जात नाही.

तपासायला माणूस आपण निवडलेला हवा, विकणाऱ्याचा ओळखीचा नाही. गाडी लिफ्टवर चढवून, खालून बघितली गेली पाहिजे. त्याची फी द्यायला जिवावर येतं म्हणणाऱ्याने ही गाडी सांभाळायचं स्वप्न बघू नये. कडू वाटेल, वाटू दे.

ज्यांच्या दारात अशी जुनी गाडी आधीच उभी आहे, त्यांच्यासाठी एक काम, आणि ते आजच करा. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे बॅग फुगवणाऱ्या डबीत, अमोनियम नायट्रेट असतं, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने ते बिघडतं, आणि अपघातात बॅग फुगताना धातूचे तुकडे माणसाच्या अंगात घुसतात. लोक मेलेत त्याने. जगभरात सुमारे 10 कोटी इन्फ्लेटर परत बोलावले गेले (यालाच रिकॉल म्हणतात), त्यात बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजच्या एसयूव्हीही होत्या. टाकाटाने 2017 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, पण बदलून द्यायची जबाबदारी गाडीच्या कंपनीची आहे, आणि ते काम फुकट होतं. मालक बदलत गेले की ती पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहतात. चासी नंबर घ्या, कंपनीच्या साइटवर टाका किंवा सर्व्हिस सेंटरला फोन करा आणि विचारा, या नंबरवर रिकॉल बाकी आहे का. बाकी असेल तर वेळ घेऊन टाका, आणि तोवर त्या सीटवर कोणाला बसवू नका.