तांबेरा आणि न्यूटन बाई

गव्हावरचा तांबेरा, म्हणजे पानादांड्यावर विटकरी पूड आणणारा बुरशीचा रोग, ज्यांनी बांधावर उभं राहून बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मी सहावीत असताना आमचा गहू छान निसवला होता, ओंब्या भरायच्या बेतात आणि आठ-दहा दिवसांत पानं, दांडे सगळं गंजलं. आण्णांच्या मागे पिकातून आडवा चालत गेलो तर बाहेर येईपर्यंत पॅन्ट गुडघ्यापर्यंत विटकरी, पानावर बोट फिरवलं की कुंडीला लावायचा गेरू लागल्यासारखं. आण्णा एवढंच म्हणाले, "दाणा चिमटणार." चिमटलाच.

ही पूड आयुष्यभर छातीत ओढलेली एक बाई होती, मार्गारेट न्यूटन, कॅनडाची. आठवडाभर तिच्याबद्दल वाचतोय आणि कुणाला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

जन्म 1887, मॉन्ट्रियल. मॅकडोनाल्ड कॉलेजला शेतीची डिग्री करायला गेली तेव्हा मुली अशा विषयाला जवळपास नव्हत्याच. संध्याकाळनंतर मुलींनी लॅबमध्ये थांबायचं नाही असा नियम होता, तो तिने भांडून रात्री दहापर्यंत करून घेतला. बरं प्रयोग काय घड्याळ बघून चालतात का!

आणि काळ कसला होता बघा. 1916 साली पश्चिम कॅनडात तांबेऱ्याने सुमारे 10 कोटी बुशेल गहू खाल्ला. एक बुशेल साधारण 27 किलो, म्हणजे 27 लाख टन. सगळीकडे मार्क्विस नावाचा एकच वाण पेरलेला, लवकर येणारा पण तांबेऱ्याला बळी पडणारा. प्राध्यापक फ्रेझर यांच्याकडच्या तांबेऱ्याच्या नमुन्यांवर काम करताना हिच्या लक्षात आलं की एका नमुन्याने गव्हाचा जो वाण पार झोपतो त्याच वाणाला दुसऱ्या नमुन्याने नुसते बारीक ठिपके येतात. म्हणजे तांबेरा एक नाहीच, दिसायला सारखा पण आतून वेगवेगळ्या जाती. अमेरिकेत मिनेसोटाला पिकांच्या रोगांचे अभ्यासक स्टॅकमन यांनाही तेच दिसत होतं, त्यांच्याकडेच तिने 1922 मध्ये पीएचडी केली. शेतीविज्ञानात पीएचडी मिळवणारी ती पहिली कॅनेडियन बाई.

आता जात ओळखायची कशी, तर ठरलेले बारा वाण कुंड्यांमध्ये पेरायचे, कोवळं पान ओल्या बोटांत धरून हलकं चोळायचं म्हणजे वरचा मेणाचा थर निघतो, मग त्यावर पूड लावायची, रात्रभर दमट झाकून ठेवायचं आणि दोनेक आठवड्यांनी कुठल्या वाणावर केवढा फोड आलाय ते बघून नोंदवायचं. एक नमुना झाला. मग दुसरा. देशभरातून पाकिटं येतायत आणि प्रत्येकाला हेच. 1925 मध्ये विनिपेगला खास तांबेऱ्यासाठी सरकारी लॅब निघाली तिथे बाईंनी वीस वर्षं हे केलं, थॉर्वाल्डूर जॉन्सन हे सहकारी बरोबर. कुठल्या जाती फिरतायत हे कळल्याशिवाय नवीन वाण काढणाऱ्याने वाण तपासायचा कशावर? आणि एवढं करूनही काम संपत नाही, कारण बुरशी बदलत राहते. 1950 ला 15बी नावाच्या जातीने तोवर टिकलेले वाणही झोपवले.

रशियाच्या वाविलोव्ह या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तर तिला बोलावणंच धाडलं होतं. पगार, विद्यार्थी, वाळवंटात फिरायला उंटांचा तांडा सुद्धा! तिने ती नोकरी घेतली नाही.

पण ग्रीनहाऊसच्या कोंडलेल्या हवेत वर्षानुवर्षं ती पूड. फुफ्फुसं खराब झाली. 1945 मध्ये, वयाच्या 58 व्या वर्षी, नोकरी सोडावी लागली. लवकर निवृत्ती म्हणून पूर्ण पेन्शन बसत नव्हती तर गहू पिकवणारे शेतकरी पुढे आले, सरकारला सांगितलं की या बाईने देशाचे कोट्यवधी डॉलर वाचवलेत, तिला पूर्ण द्या.

मला इथे थांबावंसं वाटतं. आपल्याकडे हरितक्रांती म्हटलं की बोरलॉग यांचं नाव शाळेतल्या पोराला पण माहीत, आणि ते असायलाच हवं. तेही स्टॅकमन यांचेच विद्यार्थी, बाईंच्या वीस वर्षांनी पीएचडी झालेले. पण आधी बसून शत्रू मोजणाऱ्यांचं काय? आपल्या महाबळेश्वरला गहू गेरवा (म्हणजे तांबेराच) संशोधन केंद्र आहे, स्ट्रॉबेरी खायला लाखो लोक जातात, पण त्या गावात तांबेऱ्यावर काम चालतं हे किती जणांना ठाऊक आहे? मलाच पस्तिशीपर्यंत नव्हतं, शेतकऱ्याचा मुलगा असून. हे काम फोटोत येत नाही, त्याचं यश म्हणजे काहीच झालं नाही, पीक नीट आलं, एवढंच दिसतं.

आणि ती छाती. आमची आई मळणीयंत्रापाशी नाकाला पदर बांधून दिवसभर उभी राहायची आणि मग महिनाभर खोकायची, त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही. बाईंचं वाचताना सारखी आईच डोळ्यासमोर येत होती.

न्यूटन बाई नंतर व्हिक्टोरियाला राहायला गेल्या, समुद्राकाठच्या मऊ हवेत. 1948 मध्ये रॉयल सोसायटी ऑफ कॅनडाचं फ्लॅव्हेल पदक मिळालं, ते मिळवणाऱ्या पहिल्या बाई. 1971 ला गेल्या.

काल रात्री फोनवर आण्णांना हे सगळं सांगितलं. लॅब, कुंड्या, उंट सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मिळाली का पेन्शन तिला?"

म्हटलं, मिळाली आण्णा. पूर्ण मिळाली.