"३ दिवसात कुत्रा-मांजर दोस्ती" वाला मेसेज, आणि मामा, जरा वाचून तरी फॉरवर्ड करा की

परवा आमच्या खानापूरच्या मामांनी फॅमिली ग्रुपवर टाकला, त्याच्या आधी गल्लीच्या ग्रुपवर आलेला आणि काल ऑफिसातल्या एकानं परत तोच पाठवला, म्हणजे तुम्हालाही आला असणारच. "कुत्रा-मांजर दोस्ती फक्त ३ दिवसात, जुन्या माणसांचा अनुभव", खाली सात मुद्दे आणि शेवटी जोडलेले हात. सगळा मेसेज परत टाकत बसत नाही, एकेक मुद्दा घेतो. आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरात टिप्या नावाचं चार वर्षांचं गावठी कुत्रं आणि मनी मांजर असे दोघं दीड वर्ष झालं एकत्र आहेत, आणि या मेसेजातली एक चूक मी स्वतः करून बसलोय, त्यामुळं बोलायचा हक्क आहे असं समजा.

पहिला मुद्दा, "दोघं जन्माचे वैरी, रक्तातच असतं." मग खानापूर, जांबोटीकडच्या घरात काय चाललंय? कुत्रं अंगणात, मांजर भाताच्या कणगीवर, उंदीर मांजराकडं आणि चोर कुत्र्याकडं अशी वाटणी, कोण कोणाला विचारत पण नाही. कारण दोघं त्याच घरात लहानाची मोठी झालेली असतात. तेल अवीव विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २००८ साली नेमकं हेच अभ्यासलं होतं, कुत्रं वर्षाच्या आतलं आणि मांजर सहा महिन्यांच्या आतलं असताना ओळख झाली तर जास्त चांगलं जमतं. बाकी वैर बिर काही नसतं हो, पळणाऱ्या वस्तूमागं पळायचं ही कुत्र्याची खोड, आणि अंगावर कोण आलं की पळायचं ही मांजराची. एक पळतंय म्हणून दुसरं पळतंय आणि दुसरं पळतंय म्हणून पहिलं, थांबवणार कोण.

इथं एक मात्र मान्य करतो. कुत्र्या-कुत्र्यात फरक असतो. आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ कुत्रा घ्या, घोरपड्यांच्या संस्थानातला, २००५ साली पोस्टाच्या तिकिटावर पण आलेला. तो वासापेक्षा डोळ्यानं शिकार करणारा, लांबवर काही हललं की सुटलाच. असा मोठा झालेला मुधोळ घरात असेल आणि तुम्ही नवीन मांजर आणणार असाल तर महिनोन् महिने लागतील, आणि नंतर सुद्धा दोघांना एकटं सोडून लग्नाला जाऊ नका. काही कुत्र्यांचं कधीच जमत नाही, ते पण खरं आहे.

दुसरा मुद्दा, आणि हाच मी केलेला शहाणपणा. "पहिल्याच दिवशी समोरासमोर सोडा, एकदा भांडून बॉस कोण ते ठरलं की विषय संपला." मनीला आणली त्या संध्याकाळी पिशवी सरळ सोप्यात उघडली, टिप्या शेजारीच. पुढं काय झालं ते मला पण नीट दिसलं नाही, आधी पडदा खाली आला, मग देव्हाऱ्यातली समई पडली, टिप्याच्या नाकातून रक्त आणि मनी माळ्यावर जुन्या ट्रंकांच्या मागं. दोन दिवस खाली आली नाही, पाणी वर नेऊन ठेवायचं, आणि वर ठेवलेल्या गाद्यांवर मुतली ते वेगळंच. ठरलं काय? एवढंच, की टिप्याला कळलं मांजर म्हणजे नाकाला चटका आणि मनीला कळलं कुत्रं म्हणजे मरण. ते पुसायला आम्हाला पाच आठवडे लागले.

त्या पाच आठवड्यात काय केलं ते सांगतो, कारण मेसेजात हे कुठंच नाही. मनीला आतली खोली दिली, तिथंच तिचं खाणं, पाणी, शी-शूसाठी मातीचं खोकं. टिप्याला तिकडं बंदी. मनीच्या अंगाला पुसलेलं फडकं टिप्याच्या पोत्यावर आणि टिप्याचं फडकं तिच्या खोलीत, रोज, म्हणजे आधी वासाची ओळख. आठवड्यानं खोलीला जाळीचं दार बसवलं, दाराच्या अलीकडं टिप्याचं ताट, पलीकडं तिचं, सुरुवातीला लांब लांब, मग रोज वीतभर पुढं. जेवण सोडून कोणी टक लावून बघायला लागलं की परत मागं. त्यानंतर दार उघडं पण टिप्या साखळीला, मनी मोकळी, आणि टिप्यानं तिच्यावरची नजर काढून माझ्याकडं बघितलं की उकडलेल्या चिकनचा तुकडा. शेजारच्या काकू रोज डोकवायच्या, "काय करूलालास रे, कुत्र्याला साखळी आणि मांजराला सोपा?" हो काकू, तसंच. मांजराला पळायची वाट आणि चढायला उंच जागा पाहिजे, फडताळाचा वरचा कप्पा रिकामा करून दिला की ती अर्धी शांत होते, आणि ती पळाली नाही की त्याला पाठलाग करायला काही उरतच नाही.

तिसरा, "कुत्र्यानं शेपूट हलवली म्हणजे दोस्ती पक्की." नाही हो. अंग सैल, शेपूट मधल्या उंचीवर, ढुंगणासकट हलतंय तर ठीक. पण अंग ताठ, तोंड बंद, शेपूट वर आणि बारीक बारीक थरथरतेय, तर ते कुत्रं आता झेपच घेणार असं धरा आणि साखळी आवळा. मांजराचं याच्या उलट, शेपटी सरळ उभी करून आली तर खुशीत, आणि इकडून तिकडं आपटायला लागली तर चिडलेली. म्हणजे बघा, एकाची शेपूट सैल हलते तेव्हा तो खूश, दुसरीची हलते तेव्हा ती वैतागलेली, आपल्याकडं नवीन आलेल्या भाडेकरूला कन्नड येत नाही आणि घरमालकाला मराठी, तसला प्रकार. पण शिकतात. मनी आता नाकाला नाक लावून वास घेते टिप्याचा, आणि तो पण गप उभा राहतो.

चौथा, "गुरगुरलं की नाकावर एक ठेवून द्या." गुरगुरणं म्हणजे नोटीस आहे. मारून ती बंद केली की पुढच्या वेळी बिननोटीस चावतंय, वर त्याच्या डोक्यात बसतं की हे मांजर आलं की मला मार पडतो. झाली मग दोस्ती.

पाचवा, "एका ताटात जेवू घाला, प्रेम वाढतं." अंगतपंगत माणसांसाठी, कुत्र्या-मांजराची भांडणं ताटावरनंच सुरू होतात. आणि दुसरं म्हणजे खाणं एक नाहीच. मांजराला टॉरिन नावाचा घटक खाण्यातनं मिळावाच लागतो, तो मांस-मासळीत असतो, भातात नाही. १९८७ साली कॅलिफोर्नियात पॉल पियन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून निकामी होतं. टॉरिनवाचून डोळे पण जातात. त्यामुळं कुत्र्याचं फूड किंवा नुसता दूधभात घालून मांजर "चांगलं खातंय" म्हणू नका. दूध तर बऱ्याच मोठ्या मांजरांना पचतच नाही, ढाळ लागतात. मेसेजात बक्षीस म्हणून कुंदा द्या असं पण लिहिलंय, बेळगावचाच कोणीतरी असणार, कुंदा आपल्यासाठी ठेवा. मनीचं ताट आता फ्रिजवर असतं, टिप्या पोचत नाही. तिचं मातीचं खोकं पण त्याच्या तोंडाला लागणार नाही असं ठेवा, का ते विचारू नका, कुत्रं पाळलेल्यांना माहीत आहे.

सहाव्यात दोन गोष्टी आहेत, आणि त्यातली दुसरी जिवावरची आहे. "मांजराची नखं मुळापासनं काढा" हे क्रूर आणि चूक, फार तर पुढचं पांढरं टोक कापा. पण त्याच्या खाली, "गोचीड-पिसवांना कुत्र्याचंच औषध मांजराला थोडं कमी लावा." अजिबात नाही! कुत्र्यांच्या बऱ्याच औषधात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजराच्या लिव्हरला पचवता येत नाही, अंग थरथरतं, झटके येतात, मरतात पण. मांजराला न लावता सुद्धा, औषध लावलेल्या कुत्र्याला चाटून किंवा चिकटून झोपून विषबाधा होते. एका दुकानदारानं मला पण तेच म्हटलेलं, "दोघांना चालतंय हो." डब्यावर मांजरावर फुली मारलेलं चित्र होतं म्हणून वाचलो. दोघांची औषधं वेगळी, डॉक्टरला विचारून, आणि टिप्याला लावलं की ते सुकेपर्यंत मनी आत.

सातवा, "तरी नाही जमलं तर मांजर पोत्यात घालून नदीपलीकडं सोडा, परत येत नाही." एक तर उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. नाहीच जमलं तर ओळखीत, कुत्रं नसलेल्या घरात द्या, आमच्या वडगावात कापडाचे माग असलेल्या घरांना उंदरांसाठी मांजर पाहिजेच असतं. आणि परत येत नाही म्हणे. मी तिसरीत असताना आजोळी दूध पितंय म्हणून एक बोका पोत्यात घालून मलप्रभेच्या पुलापलीकडं सोडला होता. सहाव्या दिवशी पहाटे आजीनं परड्याचं दार उघडलं तर पायरीवर बसलेला, एक कान फाटलेला, पाय सुजलेले. आजीनं त्याला सुकट घातली आणि ज्यांनी सोडला त्यांच्याशी दसऱ्यापर्यंत बोलली नाही. मामा, मेसेज पाठवताना ते आठवलं नाही काय तुम्हाला?