२८० अक्षरांत क्रॉन

रात्री दोनला चालावा म्हणून लावलेला क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, आमच्या सर्व्हरवर सकाळी साडेसातला चालायचा. कारण शाळेतल्या पोरानेही सांगावं असं: सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. तरी ते सापडेपर्यंत सगळी टीम हैराण. सापडल्यावर शेजारचा म्हणाला, "अरे, लिही हे कुठेतरी. लोकांना उपयोग होईल."

बग परवडला, असं झालं.

प्रोग्रॅमरने ब्लॉग लिहायचा म्हणजे आधी ब्लॉग बांधायचा. तयार वर्डप्रेसवर सरळ लिहीत सुटणं आमच्यात कमीपणाचं समजतात. २००८ साली जेकिल आलं, साध्या मजकुराच्या फायलींतून अख्खी साइट करून देणारं, आणि कोडसारखे लेखही गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या वहीत, कमिट करायची चटक लागली. जेकिलला रुबी ही प्रोग्रॅमिंगची भाषा लागते. रुबीचं व्हर्जन जुनं निघतं, ते वाढवावं तर एखादं जेम, म्हणजे रुबीचं जोडपॅकेज, रुसून बसतं. मग कुणी सांगतं, ह्यूगो घे, गो भाषेत लिहिलंय, एकच फाइल उतरवायची. घेतलं. मग थीम. मग डार्क मोड, आणि त्यात कोडमधल्या कॉमेंटचा राखाडी रंग काळ्यावर दिसेना.

"झाला का रे लेख?" बायकोने आतून विचारलं.

"फॉन्ट ठरतोय."

"आणि मजकूर?"

बाहेरच्या माणसाला आमच्या कामातल्या पायऱ्या कळत नाहीत. कित्येक डेव्हलपरांच्या ब्लॉगवर एकच लेख असतो: 'हा ब्लॉग मी कसा बनवला'. तो मात्र फार मन लावून लिहिलेला असतो.

म्हटलं, ट्विटरवरच टाकू. आता त्याला एक्स म्हणायचं, पण जीभ वळत नाही. सुरुवातीची मर्यादा १४०, कारण एसएमएस १६० अक्षरांचा आणि त्यातली २० नावासाठी राखलेली. २०१७मध्ये ती २८० झाली. इंग्रजीत ऐसपैस. मराठीत मात्र काना, मात्रा, हलन्त सगळ्यांची वेगळी मोजणी. 'सर्व्हर' एवढ्याला सात! घड्याळापर्यंत पोचेतो जागा संपली. मग एकाखाली एक जोडलेल्या पोस्टींचा थ्रेड आला, '१/९' आला. कोड चिकटवला तर त्याची सगळी मांडणी विस्कटली, म्हणून स्क्रीनशॉट. त्यातून कुणाला एक ओळ कॉपी करता येईल तर शपथ.

प्रतिक्रिया मात्र लगेच आल्या. "क्रॉन? अजून?" "सिस्टमडी टायमर वापरा," म्हणजे क्रॉनचा नवा पर्याय. स्क्रीनशॉटमध्ये टॅब दिसले म्हणून एकाने कोडची ओळ आत सरकवायला टॅब वापरावा की स्पेस, हा जुना वाद काढला आणि तिथून पुढे यूटीसीचं नाव कुणी घेतलं नाही.

परवा टीममधली नवी मुलगी विचारत आली, "सर, रिपोर्ट दोनऐवजी साडेसातला येतोय. याबद्दल कुठे काही लिहिलंय का?"

"लिहिलंय ना," मी ऐटीत म्हणालो आणि शोधायला लागलो. 'क्रॉन' टाकलं, 'यूटीसी' टाकलं, शेवटी हाताने खाली सरकत गेलो. चहा आला, निवला. थ्रेड सापडला, पण खालचा वाद अजून चालूच होता आणि टॅबवाल्यांची बाजू लंगडी पडत होती. ते काही मला बघवेना.

"पाचच मिनिटं हं," मी तिला म्हणालो.