थर्मोस्टॅट काढल्यानं उभी गाडी थंड होत नाही

गाडीवाल्यांमध्ये एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: 'गाडी उभी असताना इंजिन तापतंय? थर्मोस्टॅट काढून फेका, कूलंटऐवजी साधं पाणी भरा, फॅन डायरेक्ट करून घ्या. तरीही तापलंच तर झाकण उघडून गार पाणी ओता.' चार सल्ले आहेत. एक अर्धा बरोबर, दोन चुकीचे आणि शेवटचा थेट हात भाजणारा.

आधी लक्षण नीट बघू. पळत्या गाडीत तापमानाचा काटा जागेवर राहतो आणि गाडी थांबली की वर सरकतो. इंजिनाची उष्णता वाहून नेणारं द्रव म्हणजे कूलंट, आणि ते जिथे गार होतं ती पुढची जाळी म्हणजे रेडिएटर. पळताना समोरून येणारी हवा हा रेडिएटर थंड करते. गाडी उभी राहिली की ते सगळं काम एकट्या फॅनवर येतं. म्हणजे पहिला संशय फॅनवर घ्यायचा. मेसेजात फॅन 'तपासा' असं कुठेच नाही, थेट 'डायरेक्ट करा', म्हणजे सेन्सर वगैरे टाळून सरळ बॅटरीला जोडा.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप. यात मेण भरलेली छोटी कुपी असते. बहुतेक गाड्यांत 82 ते 90 अंशांच्या आसपास मेण फुगतं, झडप उघडते आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. झडप बंदच अडकली तर गाडी पळतानाही तापेल, किंबहुना जास्तच, कारण तेव्हा इंजिनावर भार असतो. फक्त उभी असताना तापणाऱ्या गाडीत थर्मोस्टॅटवर आळ घेणं म्हणूनच पटत नाही. तो काढला की इंजिनाला नेहमीच्या तापमानाला यायला फार वेळ लागतो, तोवर ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) इंजिन थंड आहे असं धरून इंधन जादा सोडत राहतो आणि मायलेज पडतं. त्यातून काही इंजिनांत थर्मोस्टॅटचाच खालचा भाग बायपासची वाट बंद करतो. तिथे तो काढला, तर गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच इंजिनात परत येतो आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

'पण आमच्या गाडीला फरक पडला!' असं हमखास कोणीतरी म्हणतं. पडला असेलही. थर्मोस्टॅट काढताना जुनं कूलंट सांडतं, मग नवं पूर्ण भरलं जातं, अडकलेली हवा निघून जाते. मूळ दुखणं कमी झालेलं कूलंट किंवा एअर लॉक (नळ्यांत अडकलेली हवा) असेल, तर ते या निमित्तानं बरं होतं आणि श्रेय जातं काढून टाकलेल्या थर्मोस्टॅटला.

साध्या पाण्याचा सल्ला तो अर्धा बरोबर. पाणी उष्णता वाहून नेण्यात कूलंटच्या मिश्रणापेक्षा सरस आहे, हे खरंच. पण उघड्यावर पाणी 100 अंशांना उकळतं, तर निम्मं पाणी-निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) असलेलं मिश्रण साधारण 107 अंशांना. रेडिएटरच्या झाकणाचा दाब धरला तर दोन्ही आकडे आणखी वर जातात. शिवाय गंज रोखणारी द्रव्यं कूलंटमध्ये असतात, नळाच्या पाण्यात असतात ते क्षार. ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत खपली धरतात. वाटेत अडलात तर पाणी जरूर भरा, पण कायमचं ठेवू नका.

फॅनकडे येऊ, कारण खरी मेख इथेच आहे. इलेक्ट्रिक फॅन असेल तर इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला हवा. एसीवर फिरतो पण इंजिन तापूनही फिरत नाही, तर तापमानाचा सेन्सर, त्याची वायरिंग किंवा कमी कूलंट पाहा. कूलंट खाली गेलं की सेन्सर हवेत राहतो आणि त्याला उष्णता नीट कळत नाही. दोन्ही वेळा फिरत नाही, तर फ्यूज, रिले (फॅनचा विजेवर चालणारा स्विच), कनेक्टर आणि मोटर, याच क्रमानं. कनेक्टर काढून मोटरला बॅटरीचे 12 व्होल्ट थेट दिले की मोटर जिवंत आहे की मेली ते तिथल्या तिथे कळतं. हात आणि कपडे पात्यांपासून लांब ठेवा. इंजिन बंद केल्यावरही फॅन अचानक सुरू होऊ शकतो.

फॅन डायरेक्ट करण्यात दुखणं झाकलं जातं, एवढंच. त्यात रिले आणि फ्यूज टाळून बारीक वायरीनं जोडणी केली तर वायर तापून जळायची भीती वेगळीच. आणि घाईत प्लस-मायनस उलटे जोडले तर फॅन उलटा फिरतो, जोरात फिरतो, आवाजही करतो, पण हवा ढकलतो चुकीच्या दिशेला! फॅन रेडिएटरच्या मागे असेल तर पुढच्या जाळीवर कागद धरून पाहा. कागद चिकटला तर दिशा बरोबर.

फॅन ठणठणीत असेल तर फॅनभोवतीचं आवरण जागेवर आहे का, कंडेन्सर (एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मध्ये कचरा बसलाय का, हे बघा. मग गाडी उभीच ठेवून इंजिन 2000 आरपीएमवर धरा. काटा उतरला तर वॉटर पंप, पट्टा किंवा पट्ट्यावर चालणारा फॅन संशयित. रेडिएटरच्या झाकणाचं रबरही तपासा. कूलंट कुठे गळत नसताना कमी होत असेल आणि टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटची (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याखालच्या सीलची) तपासणी करून घ्या.

राहिला शेवटचा सल्ला. गरम रेडिएटरमधलं कूलंट दाबाखाली असतं. झाकण उघडताच दाब जातो, कूलंट एकदम उकळतं आणि तोंडावर उसळतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी पडलं तर हेडला तडा जाऊ शकतो. काटा लाल रेषेकडे निघाला की एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, तो थोडी उष्णता ओढून घेतो. तरी काटा उतरत नसेल तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरचा वरचा होज (जाड रबरी नळी) हाताला गार लागेपर्यंत झाकणाला हात लावू नका. मग त्यावर जाड फडकं टाकून ते हळूहळू सैल करा.