गाव कोणामुळे मागे राहिलं?

आठवडा झाला, डोक्यातून जात नाहीये. भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बापूने, म्हणजे माझ्या चुलतभावाने टाकलं, "तुम्ही ग्यात म्हनीसन गाव मांगे राह्यनं." तुम्ही म्हणजे पुणे-सुरतवाले, आणि चौदा वर्षं श्टुटगार्टला असलेला मी.

खूप राग आला. हौसेने गेलं का कोणी? कोरडवाहू कापसावर चार भावांचं भागेना म्हणून आमचे काका भुसावळ-सुरत पॅसेंजरने उधन्याला लूमवर गेले, नंदुरबारकडची माणसं दरवर्षी कोयता घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात, त्यांना गाव सोडू नका म्हणून कोण सांगणार? आणि 1994 ला मागास भागांचा अनुशेष भरून काढायला विकास मंडळं झाली तेव्हा विदर्भाला एक, मराठवाड्याला एक, आपला खान्देश मात्र 'उर्वरित महाराष्ट्रा'त, पुण्या-मुंबईसोबत. त्या सरासरीत आमच्या नंदुरबारचे धडगाव-अक्कलकुव्यासारखे आदिवासी तालुके दिसणार कसे? हे आम्ही केलं का बापू?

इकडे जर्मनीत 1990 ला पूर्व-पश्चिम एक झाल्यावर पूर्वेकडची तरुण मुलं, मुली तर जास्तच, पश्चिमेला आली. माझ्या टीममधला एक पूर्वेकडच्या केम्निट्सचा आहे, त्याच्या वर्गातले निम्मे इकडेच. पण त्यांना पळपुटे म्हणून सोडून दिलं नाही कोणी, तिकडे रस्ते केले, विद्यापीठं उभी केली, 2020 पर्यंत माझ्याही पगारातून सोली, म्हणजे एकत्रीकरणाच्या खर्चासाठीचा जादा कर, कापला जायचा आणि मी कधी कुरकुर केली नाही. 2017 च्या सुमारास जाणारे-येणारे बरोबरीला आले. पगार तिकडे अजून कमीच आहेत, ते आहेच.

माणसं गेली की मजूर कमी होतात, मागे राहिलेल्यांची मजुरी वाढते, असं म्हणतात. वाढलीच की निंदणीची मजुरी! पण ती द्यायची कोणी, तर बापूने, कारण शेती तोच करतो. आमचे पैसे येतात ते घरावर स्लॅब टाकायला, लग्नाला, आणि जमिनीला.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, लांबलचक. बापूने एवढंच विचारलं, रोडकडची दोन एकर तुला कशाला पाहिजे होती?

ती जमीन तो सात वर्षं बटाईने करत होता, विकत घ्यायला पैसे जमवत होता. मी एका फोनवर जास्त भाव दिला, आईच्या नावावर केली. आपलं म्हणायला गावात काहीतरी असावं, एवढंच मनात होतं माझ्या. यंदाही तिथे कापूस बापूनेच लावलाय, निम्मा आमचा.