‘१३१’ क्रमांकाच्या शिक्क्याविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

आमच्याकडून घेतलेल्या पेनी रेड तिकिटाला (ब्रिटनचे जुने, एक पेनीचे लाल टपाल तिकीट) एक तारा देताना आपण लिहिले आहे की, सोबतच्या कार्डावर ‘एडिंबरा’ असे लिहून आम्ही आपली फसवणूक केली. कारण तिकिटावरच्या टपालशिक्क्यात १३१ हा आकडा आहे, पण ना गावाचे नाव आहे ना तारीख, आणि आपल्याजवळच्या शिक्क्यांच्या यादीत १३१ हा क्रमांक इंग्लंडमधल्या एका गावाचा आहे. ‘फसवणूक’ हा शब्द लागला, हे लपवत नाही. तरीही, तिकीट पाठवण्यापूर्वी आम्ही करून ठेवलेले स्कॅन काल रात्री पुन्हा मोठे करून पाहिले.

आपली यादी चुकीची नाही, पण ती फक्त इंग्लंड आणि वेल्सची आहे. १८४४ साली माल्टीज क्रॉसच्या (तिकीट रद्द करण्याच्या क्रूसाच्या आकाराच्या शिक्क्याच्या) जागी आकड्यांचे शिक्के आले, तेव्हा इंग्लंड-वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांना स्वतंत्र क्रमांक दिले गेले, आणि तिन्हींची मोजणी एकपासूनच सुरू झाली. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून गाव ठरत नाही. आकड्याभोवतीच्या आडव्या रेषांनी कोणता आकार धरला आहे, ते आधी पाहावे लागते. इंग्लंड-वेल्सचा आकार लंबगोल, स्कॉटलंडचा आयताकृती आणि आयर्लंडचा पत्त्यांतल्या चौकटसारखा. स्कॉटलंडच्या यादीत १३१ म्हणजे एडिंबरा आणि १५९ म्हणजे ग्लासगो.

आपल्या तिकिटावर यांपैकी एकही आकार नाही, आणि घोटाळा बहुधा तिथेच झाला असावा. आकड्याभोवतीच्या रेषांची मांडणी ताऱ्यासारखी आहे. संग्राहक याला ‘ब्रन्सविक स्टार’ म्हणतात. १८६३ ते १८७३ या काळात तो एडिंबरा येथे वापरात होता. ‘३’ची शाई फिकी असली, तरी तारा स्वच्छ उमटला आहे. त्यामुळे कार्डावरच्या गावाच्या नावावर मी ठाम आहे.

तारखेचे म्हणाल, तर हा जोडशिक्का होता. एकाच दांड्याला डावीकडे गावाचे नाव व तारीख असलेले वर्तुळ आणि उजवीकडे तारा, अशी त्याची रचना असे. तारा तिकिटावर पडून ते रद्द होई आणि वर्तुळ शेजारी लिफाफ्यावर उमटे. कोणीतरी तिकीट भिजवून सोडवले, तेव्हा नाव आणि तारीख लिफाफ्याबरोबर गेली. (लिफाफा शाबूत असता, तर त्या भावात मी ते दिलेच नसते.) तिकिटाच्या डाव्या दात्यांवर केसाएवढी काळी कड आहे, ती त्याच वर्तुळाची, दहापट भिंगाखाली ती आपल्यालाही दिसेल.

आता आमची चूक, जिच्यावर आपण बोट ठेवलेले नाही. कार्डावर ‘१८५०-६०’ असा काळ लिहिला आहे, तो चुकीचा आहे. या तिकिटाच्या चारही कोपऱ्यांत अक्षरे आहेत आणि दोन्ही बाजूंच्या नक्षीत प्लेट क्रमांक (छपाईच्या पत्र्याचा क्रमांक) कोरलेला आहे; अशी पेनी रेड १८६४ पासूनची. त्याआधीच्या तिकिटांत वरच्या दोन कोपऱ्यांत अक्षरे नव्हती. शिक्क्याचा काळही १८६३ नंतरचा, म्हणजे तिकीट आणि शिक्का दोघेही कार्डाला खोटे पाडत होते. कार्ड जुन्या साठ्यातले होते आणि मी ते न तपासता तिकिटासोबत घातले. हा निष्काळजीपणा माझाच आहे आणि त्याबद्दल मी आपली क्षमा मागतो.

तिकीट ठेवायचे असल्यास दुरुस्त कार्ड आणि बिलाच्या पाव भागाची रक्कम या आठवड्यात पाठवतो. नको असल्यास पूर्ण रक्कम, आपल्या टपालखर्चासह, परत मिळेल. परत पाठवताना तिकिटाला चिकटपट्टी लावू नये आणि नवे हिंजही (अल्बममध्ये तिकीट लावायचा डिंकाचा कागदी तुकडा) चिकटवू नये. ग्लासिनच्या (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदाच्या) पाकिटात घालून दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवले, तरी पुरे.